निजलेली जमीन

माझ्या नावावर नेरळच्या पुढे वीस गुंठे जमीन आहे. ती मी पाहिलेली नाही. वडिलांनी पाहिली होती का, हे त्यांना विचारायचं राहून गेलं. सातबारा मात्र चोख आहे आणि कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला आहे. आमचं घर कर्जतात चार पिढ्यांचं. घरात दोन-तीन शिक्षक, एक वकील, एक औषधांचं दुकान. नांगर धरलेला माणूस आमच्यात शोधूनही सापडायचा नाही. तरी ही जमीन तुमचीच कशावरून, असं आम्हाला आजवर कुणी विचारलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी एका बाईला हाच प्रश्न अर्धा दिवस विचारत होतो, आणि तोही चढ्या आवाजात.

ती बाई म्हणजे आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी. शाळा कशेळ्याच्या पुढे, डोंगरातल्या एका ठाकर आदिवासींच्या वाडीवर. कर्जतहून कशेळ्यापर्यंत एसटी, तिथून जीप, आणि जीप जिथे हात टेकते तिथून पाऊण तास चढ. दोन खोल्या, चार इयत्ता आणि मी. नोकरीची शेवटची अकरा वर्षं मी तिथे काढली. पहिली तीन वर्षं बदलीसाठी अर्ज केले, नंतर केले नाहीत. त्याचं कारण लोक समजतात तसा ध्येयवाद नव्हता. एवढं चढून साहेब तपासणीला येत नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं.

मावशींचं वय किती, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी होती. वाडीतल्या निम्म्या माणसांची तीच होती. नवरा केव्हाच गेलेला. मुलगा खालापूरकडे मुंबईच्या कुणाच्या तरी फार्महाऊसवर माळी, महिन्यातून एकदा यायचा. सून आणि तीन नातवंडं इथे मावशींपाशी. तिन्ही नातवंडं माझ्या शाळेत होती, म्हणजे माझ्या पटसंख्येचा बराचसा भार या एका घरावर होता.

शाळेच्या मागे ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे अभयारण्य. ते कधी झालं, हे वाडीला नक्की सांगता येत नव्हतं. हिरवा बोर्ड लागला तेव्हा कळलं. बोर्डावर शेकरूचं चित्र आणि खाली काय काय करू नये याची यादी. मी मुलांना ओढ्यावर नेऊन ती यादी मोठ्याने वाचून दाखवली. झाडं तोडू नयेत, आग लावू नये, गुरं चारू नयेत, जमीन खणू नये. चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "मंग आमी काय करायचं, गुर्जी?" मी तिला ती यादी वहीत उतरवून काढायला सांगितलं.

प्रश्न तसा बरोबर होता, कारण वाडीची शेती त्या बोर्डाच्या पलीकडच्या उतारावर होती. आमच्या जिल्ह्यात अशा शेतीला दळी म्हणतात. भाताची खाचरं नव्हेत. तिरकस डोंगर, पाय घसरेल असा, आणि त्यावर नाचणी. उताराचे तीन पट्टे मानलेले होते, खालचा, मधला आणि वरचा. सगळी वाडी मिळून एकच पट्टा कसायची. त्यातले तुकडे घरागणिक वाटलेले. पहिल्या साली नाचणी, दुसऱ्या साली वरई, तिसऱ्या साली तेलाची खुरासणी. पहिल्या सालची नाचणी कणगीत भरायची, ती तीन सालं पुरवायची. नाचणीला कीड लागत नाही, त्यामुळे पुरते. तिसऱ्या सालानंतर तो पट्टा सोडायचा आणि सगळ्यांनी उठून पुढच्या पट्ट्यात जायचं. सोडलेला पट्टा सहा सालं तसाच राहायचा. त्याला वाडीवर म्हणायचे, तो निजलाय.

निजलेल्या जमिनीचा नियम एकच, ती कुणाचीही नसते. तिथे कुणाचीही शेळी चरते, कुणीही सरपण आणतं, पावसाळ्यात कुणीही अळंबी शोधतं. सहा सालांनी झुडपं वाढली की तोडायची, सुकवायची, वैशाखात जाळायची आणि त्या राखेत पेरायचं. त्या वेळी तुकडे नव्याने वाटायचे. ज्या घरात खाणारी तोंडं जास्त त्याला मोठा तुकडा, ज्याची पोरं कामाला लागून खाली गेली त्याला लहान. हे दसऱ्याला वाडी बसून ठरवायची. अकरा वर्षांत मी त्यावरून भांडण झालेलं पाहिलं नाही. आमच्या कर्जतच्या घरात दोन भावांमध्ये एका गॅलरीवरून बोलणं बंद आहे.

मग वनहक्काचे दावे भरायचे ठरले. जंगलात पूर्वापार कसत असलेली जमीन कसणाऱ्याच्या नावावर करून द्यायची, असा कायदा झालेला होता, आणि अभयारण्यालाही तो लागू होता. वाडीची वनहक्क समिती झाली. तिच्यात मी नव्हतो. बाहेरचा माणूस चालत नाही. मी फक्त लिहायचो. समितीतल्या लोकांनी बोलायचं, मी लिहायचं, त्यांनी अंगठा उमटवायचा. माझं अक्षर तालुक्यात नावाजलेलं आहे, हे मी स्वतः सांगणं बरं दिसत नाही, पण दुसरं कुणी सांगायला इथे हजर नाही.

अर्जाची एक पुस्तिका मिळाली होती. तिच्यात पुढच्या बाजूला वैयक्तिक दाव्याचा नमुना होता, आणि कुणीतरी पेन्सिलने तो भरूनही ठेवला होता. माझं काम सोपं झालं. मी तो नमुना समोर ठेवला आणि वाडीतल्या प्रत्येक घराचा अर्ज तसाच भरला. नाव, बापाचं नाव, जमात, कसत असलेलं क्षेत्र. वाडीतल्या म्हाताऱ्यांचे जबाब घेतले. उतारावरच्या बांधांची, जुन्या आंब्यांची आणि एका देवाच्या दगडाची नोंद केली. महिनाभर शाळा सुटल्यावर मी हेच करत होतो आणि स्वतःवर खूश होतो.

मोजणीचा दिवस ठरला. खालून दोन मोजणीवाले आले, बरोबर आमच्या भागाचा वनखात्याचा गार्ड. गार्ड तसा वाईट माणूस नव्हता. वाडीत चहा घ्यायचा, पोरांच्या शाळेची चौकशी करायचा, आणि कुणी फांदी तोडताना दिसला तर आधी मोठ्याने खोकायचा. मोजणीची पद्धत साधी होती. जमिनीच्या मालकाने आपल्या तुकड्याच्या कडेने चालायचं, मोजणीवाल्याने मोबाईल हातात धरून त्याच्यामागून चालायचं. चालून झालं की मोबाईलवर आकार उमटायचा.

त्या साली वाडी खालच्या पट्ट्यात होती. नाचणीचं पहिलं साल. पीक कापून झालेलं, धसकटं उभी. पहिला नंबर मावशींचा, कारण त्यांना खिचडीला परत जायचं होतं. त्यांनी आपल्या तुकड्याला एक फेरा मारला. छोटासा तुकडा, चालायला वेळ लागला नाही. मग त्या थांबल्या आणि पदराने तोंड पुसलं.

"आता वरची दाखवा," मी म्हटलं.

"वरची कंची?"

"मधल्या पट्ट्यातली. वरच्या पट्ट्यातली. तुमची."

"ती निजल्यात, गुर्जी."

"निजल्यात हे मला ठाऊक आहे. ती कुणाची?"

"निजलेली कुनाची असंल? कुनाचीच नाय."

मोजणीवाला बॅटरीकडे बघत होता. मी मावशींना बाजूला घेतलं. समजावून सांगितलं की आज जे दाखवाल तेच कागदावर येईल आणि उरलेलं सगळं जंगल म्हणून लागेल. मधल्या पट्ट्यात दोन-तीन सालांनी तुम्हालाच जायचं आहे ना? मग तिथला तुकडा तुमचा म्हणून दाखवायला काय हरकत आहे?

"कंचा तुकडा?" त्यांनी विचारलं.

"कुठलाही!"

"कुठला बी कसा? त्यो वाडी ठरवंल. तवर कुनाच्या घरात किती मानसं आसतील, आता काय म्हायत? शेजारनीला आता दुसरं व्हनार हाय. तिला मोठा लागंल. आन मी आज म्हनू, ह्यो माझा?"

मला राग आला. माझा राग लवकर येतो आणि उशिरा जातो, हे घरचे सांगतील. मी म्हटलं, मावशी, हा कागद तुमच्या नातवंडांसाठी आहे, आणि जमीन तुमचीच आहे याचा पुरावा मी जमवून आणलाय, आणि आता तुम्हीच म्हणता कुणाची नाही! आवाज चढला होता. उतारावर बसलेली सगळी वाडी ऐकत होती. मावशी शांतपणे म्हणाल्या, "खोटं कसं सांगायचं? येनारं साल कुनी पायलंय?"

तेव्हा मी एक गोष्ट केली. मोजणीवाल्याकडे गेलो आणि मधल्या पट्ट्यातल्या एका झुडपाळ तुकड्याकडे बोट दाखवून म्हटलं, "तोही यांचाच. मोजून घ्या." तो निघालाही. मावशी आडव्या आल्या. "नाय माझा. गुर्जींना काय ठाव नाय." आणि माझ्याकडे वळून जरा हळू आवाजात, "तुमी शाळंत शिकवता ना, गुर्जी?"

त्यानंतर वाडीतलं एकही घर निजलेल्या जमिनीकडे बोट दाखवायला तयार झालं नाही. प्रत्येकाने त्या सालच्या आपल्या तुकड्याला फेरा मारला आणि बाजूला जाऊन बसला. मोजणीवाल्यांचं काम जेवणाच्या आत आटोपलं. असं सरळ गाव आम्ही पाहिलं नाही, एका इंचाची कुरकुर नाही, असं ते जाताना म्हणाले. पुढचा आठवडाभर मला शाळेत खिचडी मिळत होती, पण 'अजून वाढू का' हे बंद झालं होतं.

पुढच्या पावसाळ्याआधी वनहक्काचे दाखले आले. छान कागद होते, शिक्के होते. वाडीने ते कर्जतला जाऊन लॅमिनेट करून आणले. ग्रामसभेत मी प्रत्येकाला त्याचा कागद वाचून दाखवला. सगळ्यांत शेवटी मावशी उठल्या.

"आन मधला पट्टा कुनाच्या कागदावर हाय?"

"कुणाच्याच नाही. तो आता अभयारण्यात."

"त्यो पयल्यापासून अभयारन्यातच हाय. आमी बी हाय. मी इचारते, दोन सालांनी आमी कुठं जायाचं?"

मी म्हटलं, कुठे जायचं नाही, आहे तिथेच कसायचं. मग कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मास्तर असूनही मला एवढंही ठाऊक नाही, याचं ते हसू होतं, आणि ते मला लागलं.

घरी येऊन मी ती पुस्तिका पुन्हा काढली. पेन्सिलने भरलेल्या नमुन्याच्या पुढच्या पानावर दुसरा नमुना होता, सामूहिक दाव्याचा. सगळ्या गावाने मिळून, सगळ्या उतारावर, पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे वापरायचा हक्क मागण्याचा. कुणाचा तुकडा कोणता, हे त्यात विचारलेलंच नव्हतं. ते पान पहिल्या दिवसापासून तिथेच होतं. मी ते उलटलं नव्हतं, कारण अलीकडचं पान आयतं भरलेलं होतं. हे लिहिताना मला लाज वाटते. तेव्हाही वाटली होती, पण ती मी कुणाला सांगितली नाही. वाडीवर जाऊन मी फक्त म्हटलं की नवीन नियम आलाय.

मग आम्ही सामूहिक दावा भरला. नकाशा हवा होता. शाळेच्या फरशीवर म्हाताऱ्यांनी खडूने उतार काढला, तीन पट्टे, ओढा, देवाचा दगड, कुठल्या साली कुठे पेरलं होतं ते सगळं. तीन दिवस वर्ग व्हरांड्यात भरले. मी फरशीवरून कागदावर उतरवलं. 'सध्याचा वापर' या रकान्यात मधल्या आणि वरच्या पट्ट्यासमोर काय लिहायचं, यावर खल झाला. मी 'पडीक' सुचवलं. ते मावशींना पसंत पडलं नाही. शेवटी 'विश्रांती' असं लिहिलं. फाईल मी स्वतः कर्जतच्या कार्यालयात नेऊन दिली आणि पोच घेतली. त्यानंतर जितक्या वेळा विचारायला गेलो तितक्या वेळा उत्तर मिळालं की प्रकरण विचाराधीन आहे.

त्याच सुमारास मी निवृत्त झालो. सत्काराला वाडीने मला टॉवेल-टोपी दिली, आणि मावशींनी खिचडी न करता पुरी-भाजी केली. आमचं पुन्हा बरं चाललं होतं.

खालच्या पट्ट्याची तीन सालं भरली. दसऱ्याला वाडी मधल्या पट्ट्याचे तुकडे वाटायला बसणार, हे कळलं तेव्हा मी सकाळच्या एसटीने निघालो. मला कुणी बोलावलं नव्हतं. आदल्या दिवशी वकील भावाला विचारलं होतं, की दावा विचाराधीन असताना यांनी मधला पट्टा तोडला तर काय? तो म्हणाला, "नव्याने अतिक्रमण केलं असं कुणी म्हणू शकतं. मिळालेल्या दाखल्यांवरही परिणाम होऊ शकतो. होईलच असं नाही." मी वाडीवर जाऊन सांगितलं की दावा फेटाळला जाईल आणि हातातले कागदही जातील. 'शकतं' हा शब्द चढ चढताना कुठेतरी गळून पडला.

मावशी म्हणाल्या, "गुर्जी, चौथ्या सालाला तिथं नाचनी हुत नाय. माती थकलीया."

"खत टाका."

"त्या उतारावं खत? पयल्या पावसाला खाली कशेळ्याला जाईल."

"एक साल काढा. एकच. निकाल येईपर्यंत."

"आन कनगी? ती कशानं भरायची?"

मी म्हटलं, रेशन आहे, खिचडी आहे, मुलाचा पगार आहे. एका सालाने काही बिघडत नाही. हातचा कागद घालवू नका, एवढंच माझं सांगणं आहे. मी बराच वेळ बोललो. बोलणं हे माझं कामच होतं. माणसं एकमेकांत त्यांच्या बोलीत काहीतरी कुजबुजली; ती बोली मला अकरा वर्षांत पुरती कधी कळली नाही. मग मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बरं. तुमी म्हनता तर ऱ्हातो."

अकरा वर्षांत त्या वाडीने माझं ऐकल्याचं मला आठवत नाही. पोरांना दात घासायला लावा म्हटलं, नाही. मुलींची लग्नं थांबवा म्हटलं, नाही. त्या दिवशी ऐकलं. मी फार समाधानाने खाली उतरलो. कशेळ्याला एसटीची वाट पाहत कांदाभजी खाल्ली.

पुढचा पाऊस चांगला झाला. कर्जतात उल्हास नदी एकदा पुलाला टेकली. पाऊस चांगला म्हणजे पीक चांगलं, असा आमचा शहरातला हिशेब; मी वर गेलो नाही. गुडघा दुखत होता, आणि खरं सांगायचं तर जायची निकडही वाटली नाही.

मार्गशीर्षात मावशी घरी आल्या. निवृत्तीनंतर त्या दर वर्षी यायच्या, सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायला, आणि येताना उतारावर जे पिकलं असेल त्यातलं थोडं आणायच्या. आधीच्या दोन सालांत वरई आणि खुरासणी आणली होती. या वेळी नाचणी होती, फडक्यात बांधलेली, चांगली दोन-तीन किलो. मी विचारलं, "मग? आली की नाही चौथ्या सालाला?"

"आली की," त्या म्हणाल्या. चहा प्यायल्या, बायकोशी गुडघ्यावरच्या औषधाचं बोलल्या, दुपारच्या एसटीने गेल्या. मी बायकोला म्हटलं, बघ, उगाच घाबरत होते. शिकलेल्या माणसाचं ऐकलं की असं होतं. हे शेवटचं वाक्य मी खरोखर उच्चारलं होतं. बायको ते अजून म्हणून दाखवते.

दोन दिवसांनी ती नाचणी सुपात घेऊन बसली. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली.

"ही वाडीवरची नाही."

"म्हणजे?"

"पाखडायला काहीच नाही यात. वाडीवरची बारीक असते, काळसर, त्यात खडा असतो, कोंडा असतो. ही दुकानातली आहे. आपल्या वाण्याकडे मिळते तीच."

मी वाद घातला. दवाखान्यासाठी एवढी तंगडतोड करणारी बाई विकतची नाचणी कशाला आणून देईल? बायको म्हणाली, "ते मला नका विचारू. त्यांना विचारा."

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेलो. मावशींचं घर शाळेला लागून आहे. दारात कणगी उलटी घातलेली होती आणि तिच्यावर कोंबडी बसली होती. घरात नातवंडांचा आवाज नव्हता. मावशी एकट्याच शेळीला पाला टाकत होत्या. सून पोरं घेऊन खालापूरला गेली होती, मुलाच्या फार्महाऊसवर. तिथे तिला हिरवळीतलं गवत वेचायचं काम मिळालं होतं. पोरांची शाळा? तिकडे कुठेतरी नाव घालणार होते.

"मावशी, नाचणी कुठली होती?"

त्यांनी शेळीचा दोर सोडवला, पुन्हा बांधला.

"कशेळ्याची. बाजारातून घेतली."

"आणि तुमची?"

"वीतभर आली, गुर्जी. कनसं धरलीच नाय. कापली आन गुरांना घातली. समद्या वाडीचं तसंच झालं."

"मग मला का आणून दिलीत? मी विचारलं तेव्हा खोटं का सांगितलंत?"

"तुमी सांगितल्यावर ऱ्हायलो ना आमी. पिकली नाय म्हनलं असतं तर तुमाला वाईट वाटलं असतं."

अंगणात दगड होता, त्यावर बसलो. मोजणीच्या दिवशी तीन पोरांच्या भाकरीसाठीसुद्धा या बाईने खोटं सांगितलं नव्हतं. आयुष्यातलं एक खोटं सांगितलं, ते माझ्यासाठी, आणि त्यासाठी पदरचं खर्चून नाचणी आणली. मी रडलो असं म्हणणार नाही. चष्मा काढून पुसला आणि तो पुसून झाला तरी पुसत राहिलो. मावशींनी आतून पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवला आणि पुन्हा शेळीकडे गेल्या.

थोड्या वेळाने मी पिशवीतून वही काढली. म्हटलं, मावशी, ग्रामसभेचा ठराव लिहून देतो. की पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे वाडी मधल्या पट्ट्यात जाणार. तुमचा सल्लागार चुकला, असंही त्यात लिहितो. पुढचं होईल ते बघू.

"ते ठरलंय, गुर्जी," त्या म्हणाल्या. "दसऱ्यालाच. तुकडं बी वाटून झालं. मला ल्हान आलाय, घरात मीच येकटी म्हनून."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"तुमाला इचारलं असतं तर तुमी नगं म्हनला असता."

वही मी पिशवीत ठेवली. झुडपं तोडायला कधी लागणार, असं विचारलं. माघात, त्या म्हणाल्या, मंगळवारी सुरुवात करायची. पण तुम्ही येऊ नका, पायाला काटे लागतात, आणि गार्ड येणार हे नक्की.

मी गेलो. बायकोने गुडघ्याला पट्टा बांधून दिला. मधल्या पट्ट्यात सगळी वाडी कोयते घेऊन उभी होती. मला एक जुना कोयता मिळाला आणि दुपारपर्यंत माझ्याकडून तीन झुडपं तुटली. चौथ्या झुडपाशी असताना गार्ड आला. या वेळी तो खोकला नाही. त्याच्याबरोबर वरचे साहेब होते. त्याने वही काढली आणि मावशींच्या तुकड्यात येऊन विचारलं, इथे कोण तोडतंय, नाव सांगा. मावशींनी तोंड उघडायच्या आत मी पुढे झालो आणि माझं नाव सांगितलं. पत्त्यासकट सांगितलं.

गार्ड माझ्या हातातल्या कोयत्याकडे बघत राहिला. मावशी मागून म्हणाल्या, "त्यांचं नगा लिवू, सायब. त्यांना तोडता बी येत नाय. माझं लिवा."

गार्डने आम्हा दोघांचीही नावं लिहून घेतली.